लाईट गेली, तीननंतर या

बदनापूर
मंगळवार, १२ ऑगस्ट २००८

त्रिंबकदादा,

आधी माफी मागून घेते. वेलांटी पहिली का दुसरी ते मला शाळेत होते तवाबी कळत नव्हतं, अन् आता तं शाळा सोडून दोन वर्षं झाली. टायपिंग बी लई हळू हाये, एकाच बोटानं चालू हाये. तुझं नाव लिहायला चार मिनिटं लागली. काकानं पोराचं नाव ठेवताना कॉम्प्युटरचा विचार करायला पाह्यजे होता.

ओळखलं न्हाई तं सांगते. मी इंद्रायणी, धावड्याची, तुझ्या कडूबाकाकाची धाकटी. तुझ्या ताईच्या लग्नात तुला पाण्याचा तांब्या देऊन पळाल्ती ती. आता बदनापूरला दुर्गाआत्याकडं राहून रामराव सरांच्या कॉम्प्युटर सेंटरवर कामाला हाये. तुझा ईमेल आत्यानं दिला. म्हणली, तो पुण्यात कंपनीत हेच करतो, त्याला विचार. समोर आला असता तं विचारलं नसतं. पत्रात माणूस दिसत न्हाई, म्हणून बरं हाये.

सरांकडं तीन ठिकाणचे प्रोग्राम हायेत. दूध डेअरी, शाळेचे निकाल अन् वाचनालय. मी अन् पुंजाराम त्यात बदल करतो. पुंजाराम माझ्याहून पाच वर्षांनी मोठा हाये अन् मला मुकी म्हणतो. बदल झाला की दर वेळी तीच सात कामं. तपासा, जुनं काढा, नवं जोडा, असली. करून करून कंटाळा आल्ता, म्हणून मी सातही कामं एका फायलीत वरून खाली लिहून ठेवली. फाईल चालू केली की मशीन आपलं आपण करत जातं. ह्याला स्क्रिप्ट म्हणतात हे मला नंतर कळलं.

मंग तिची कॉपी करून तिन्ही प्रोग्रामात ठेवली. इथं फसले. चूक सापडली की तीन जागी दुरुस्त करावी लागती. परवा दोन जागी केली, तिसरी राह्यली. वाचनालयाच्या यादीत डेअरीच्या म्हशी गेल्या. ग्रंथपाल येऊन विचारून राह्यले, "ही चंद्री कोणत्या कपाटात ठेवली?"

पुण्यात असं होतं का? झालं तं काय करता?

आबानं मला दसऱ्यापर्यंत मुदत दिलीय. तोवर सरांनी कायम ठेवतो म्हणलं तं ठीक, न्हाई तं धावड्याला शेळ्यांमागं. सर म्हणतात, "पोरीचं काम चोख. पण गिऱ्हाईक आलं की मागच्या खोलीत पळती. चार माणसांशी बोलायला लागली तं कायम ठेवतो, न्हाई तं पुंजाराम हायेच." मला इथंच राह्यचंय दादा. मशीननं सातवं काम संपवलं की माझ्या पोटात गुदगुल्या होतात.

इंद्रायणी

*

पुणे
१४ ऑगस्ट २००८

इंदे,

तू शाळा सोडली तेव्हा काकाशी मी फोनवर भांडलो होतो, ते तुला कोणी सांगितलं नसेल. असो.

आमच्याकडं एक मशीन फक्त ह्याच कामाला आहे. कुणीही प्रोग्राममध्ये बदल करून जमा केला, की ते मशीन लगेच सगळ्यांचं काम एकत्र जोडतं अन् तपासून बघतं. बरोबर असलं तर हिरवा दिवा, बिघडलं तर लाल. दिवसातून पन्नास वेळा. म्हणजे कुणी घोळ घातला तर पाच मिनिटांत कळतं, चंद्री कपाटात जाईपर्यंत थांबावं लागत नाही. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सीडी पोस्टानं पाठवतो.

तुझ्या तीन कॉप्यांचं म्हणशील तर हसू नको, पण आमच्याकडं पाच प्रोजेक्ट अन् पाच कॉप्या आहेत. प्रत्येकीत कुणी ना कुणी आपलं मीठ-मिरची टाकलेलं. मी ह्याच खात्यात नवा आहे, माझं काम म्हणजे ह्या पाच कॉप्यांच्या मागं फिरणं. तुझ्या शेळ्या बऱ्या.

त्रिंबक

*

बदनापूर
६ सप्टेंबर २००८

दादा,

"आहे, आहे" काय लिहून राह्यला. पुण्याचं पाणी चांगलंच लागलं तुला.

सीडी मिळाली. सरांचं एक जुनं मशीन पडलेलं होतं, त्याच्यावर आजवर पाव्हण्यांच्या चपला ठेवायचे. ते धुवून पुसून घेतलं अन् तुझं सॉफ्टवेअर टाकलं. चालू झालं. पुंजारामनं बदल जमा केला, मशीननं आपोआप उचलला, तपासला अन् पडद्यावर हिरवा गोळा. मी उठून मागच्या खोलीत जाऊन एकटीच नाचून आले.

दिव्याची हौस पण भागली. गणपतीच्या माळेतले एक हिरवा अन् एक लाल बल्ब काढून टेबलावर लावले. ते आपोआप लागत न्हाईत. पडदा बघून बटण पुंजारामनं दाबायचं असं सरांनी ठरवलंय. लाल लागला की तो म्हणतो, "मुके, तुझं पाप." हिरव्याला म्हणतो, "माझं पुण्य."

अन् कॉप्यांचं मी ठरवून टाकलं. तिन्ही कॉप्या पुसल्या. एकच स्क्रिप्ट ठेवली, इंटरनेटवर तू जी जागा करून दिली ना, तिथं. तिन्ही प्रोग्रामात आता एकच ओळ हाये. तिथं जा, ताजी स्क्रिप्ट घेऊन ये अन् चालव. चूक झाली की एका जागी दुरुस्त, तिन्ही घरी बराबर. मला इतका आनंद झाला की दुर्गाआत्याला सांगायला गेले. ती भाकरी थापता थापता म्हणली, "मंग आधी तीन कामून ठेवल्त्या?" हिला नोकरीला ठेवा म्हणावं पुण्याला.

तुमच्या पाचाचं बी असं करून टाक.

इंद्रायणी

*

पुणे
९ सप्टेंबर २००८

इंदे,

छान केलंस. पण कंपनीचं काम इतकं सोपं नसतं. इथं पद्धती असतात, परवानग्या असतात. तुला ते आत्ता कळायचं नाही.

बोलायचा सराव कर. रोज एका गिऱ्हाइकाशी दोन वाक्यं.

त्रिंबक

ता. क. तुझी स्क्रिप्ट सहज वाचून बघतो. त्या जागेचा पासवर्ड माझ्याकडं आहेच.

*

बदनापूर
शनिवार, २० सप्टेंबर २००८

दादा,

रोज दोन वाक्यं करून राह्यले. काल एका मास्तरांना म्हणलं, "बसा." मंग म्हणलं, "सर येतील." झाली दोन. घामानं ओढणी भिजली. मास्तर म्हणले, "पोरी, तुला ताप हाये का?"

आज एक नवं केलं. इथं सोमवारपासून भारनियमनाची वेळ बदलून राह्यली, आता अकरा ते तीन लाईट जाणार. इन्व्हर्टरवर जुनं मशीन अर्ध्यात बंद पडतं अन् निम्मंच जोडलेलं काम तसंच राहतं. म्हणून मी स्क्रिप्टीत सगळ्यात वर लिहून टाकलं, अकरा ते तीन काहीच सुरू करायचं न्हाई. कुणी जमा केलं तं पडद्यावर लिहून येईल,

लाईट गेली, तीननंतर या.

पुंजाराम वाचून लई वेळ हसला. मंग म्हणला, "मुके, एवढं तं तू तोंडानं बोलली असती तं दमली असती."

तुमच्या परवानग्यांचं काय झालं?

इंद्रायणी

*

पुणे
सोमवार, २२ सप्टेंबर २००८, सकाळी ११.४०

इंद्रायणी,

स्क्रिप्टमध्ये काय बदललंस? लगेच कळव.

त्रिंबक

*

बदनापूर
सोमवार, २२ सप्टेंबर २००८, दुपारी ३.१०

दादा,

लाईट आत्ता आली, तुझं पत्र आत्ता वाचलं.

तू मला इंद्रायणी लिहिलं. रागावला का? काय चुकलं ते कळून न्हाई राह्यलं. शनिवारी लिहिलेलं तेवढंच बदललं, लाईटीचं. तू वाचलं नसशील. तुझ्या जागेवर मी जास्त फायली ठेवल्या का? लगेच काढते. का "पुण्याचं पाणी" लिहिलं ते लागलं? ते मी गमतीनं लिहिलं होतं. इथं तिन्ही प्रोग्राम हिरवे हायेत. तरी पण तुला पाह्यजे असंल तं ती लाईटीची ओळ आत्ताच्या आत्ता काढून टाकते.

मला बोलता येत न्हाई म्हणून लिहीत होते. आता लिहायची बी भीती वाटून राह्यली.

इंद्रायणी

*

पुणे
२३ सप्टेंबर २००८

इंदे,

तू काही चुकली न्हाईस. मी चुकलो. आता गावाकडच्यासारखं सरळ सांगतो.

नऊ तारखेला तुला पद्धती अन् परवानग्या शिकवल्या ना, त्याच दिवशी दुपारी मी तुझी स्क्रिप्ट वाचली. इतकी साफ होती की मला माझ्या पाच कॉप्यांची लाज वाटली. मंग मी पाचही पुसल्या अन् पाचही प्रोजेक्टमध्ये तुझीच ओळ टाकली. तिथं जा, ताजी घेऊन ये अन् चालव. तुझ्या जागेवरून. कुणाला विचारलं न्हाई. बारा दिवस पाचही दिवे हिरवे होते. आमच्या खात्याच्या मोठ्या मॅडम म्हणल्या, "त्रिंबक, हे कुणी लिहिलं?" मी म्हणलो, मीच.

काल सकाळी अकरा वाजता मॅडम बाहेरच्या पाव्हण्यांना आमचं मशीन दाखवून राह्यल्या होत्या. सगळ्या ट्यूबलाईटी चालू, एसी चालू. पाचही पडद्यांवर मराठीत आलं, लाईट गेली, तीननंतर या.

पाव्हण्यांनी विचारलं, काय लिहिलंय? मॅडमनी सांगितलं. पाव्हण्यांनी वर ट्यूबलाईटीकडं पाह्यलं. मंग मॅडमनी माझ्याकडं पाह्यलं.

मी जुन्या कॉप्या शोधत बसलो, तोवर तीन वाजले अन् सगळं आपोआप सुरू झालं. तुझी स्क्रिप्ट शब्दाला पक्की हाये.

मॅडमला अजून खरं सांगितलं न्हाई. म्हणलो, चुकून झालं.

त्रिंबक

*

बदनापूर
२५ सप्टेंबर २००८

दादा,

पत्र वाचून मी इतकी हसले की सर बाहेरून पळत आले. त्यांनी माझा आवाज पह्यल्यांदाच ऐकला. पुंजारामला वाचून दाखवलं तं तो खुर्चीवरून घसरला. म्हणला, "मुकीनं पुण्याची लाईट घालवली." दोन दिवस झाले, जो येईल त्याला सांगून राह्यला. डेअरीवाले बी येऊन मला बघून गेले.

आता दोन गोष्टी.

एक. हे पुन्हा व्हायला नको. एकच स्क्रिप्ट ठेवली ते बराबर, पण मी माझ्या घरासाठी हात लावला अन् तुमच्या घरात अंधार झाला. ह्याच्यावर काल बसून विचार केला अन् मला आपल्या गल्लीतली तिफण आठवली. तू पुण्याला गेला त्याच्या नंतरची गोष्ट हाये, म्हणून तुला माहीत नसंल. चार घरांत मिळून एकच तिफण. दांडीला खाच हाये, तिथं जू बांधलं की बी जेवढं पाह्यजे तेवढं खोल पडतं. एका साली रामकिसनकाकाला त्याच्या काळ्या रानात जास्त खोल पेरायचं होतं. त्यानं जुनी खाच खुंटी ठोकून बुजवली अन् पुढं नवी पाडली. त्याची ज्वारी झकास उगवली. मंग तिफण आपल्याकडं आली. आपलं रान हलकं. आबानं सवयीनं हाताला लागली त्या खाचेत जू बांधलं. बी इतकं खोल गेलं की अजून वर येऊन राह्यलंय.

तवा आबानं पारावर सांगितलं, "जुन्या खाचेला कुणी हात लावायचा न्हाई. नवी पाह्यजे तं शेजारी नवी पाडा. अन् ज्यानं त्यानं आपली खाच ध्यानात ठेवायची." आता त्या दांडीवर चार खाचा हायेत. भांडण न्हाई.

तसं करू. स्क्रिप्ट एकच जागी राहील, पण बदल केला की जुनी पुसायची न्हाई. तिला नंबर द्यायचा अन् तशीच ठेवायची. "ताजी घेऊन ये" असं कुणी म्हणायचंच न्हाई. ज्यानं त्यानं आपला नंबर मागायचा. लाईटीच्या आधीची आता चार नंबरची झाली, तुम्ही ती मागा, त्यात लाईटीचं काही न्हाई. मी पाच नंबरची मागते, लाईटीवाली. मी उद्या पन्नास बदल केले तरी तुमचा चार नंबर चारच राहील. तुम्हाला वाटलं की पुढचा चांगला हाये, तं आधी एका प्रोजेक्टात लावून बघा, हिरवा लागला तं मंग बाकीच्यांत.

अन् लाईटीची वेळ खरं तं स्क्रिप्टीत लिहायलाच नको होती. ती ज्याच्या त्याच्या घरची गोष्ट. सहा नंबरात मी ती बाहेर काढली. घरानं आपली वेळ सांगायची, न्हाई सांगितली तं लाईट हाये असं धरायचं.

दोन. हे लिहायला सकाळपासून थांबले होते. दादा, माझं नाव सांगायचं होतं की. बारा दिवस तुझा दिवा हिरवा होता, तवा एकदा. आबा दसऱ्याला न्यायला येणार. सरांना वाटतं मी नुसती आत बसून बटणं दाबते. कुणी मोठ्या माणसानं त्यांना सांगितलं असतं तं. मला स्वतःला सांगता येत न्हाई, तुला माहीत हाये.

रागावले न्हाई. पण सांगायचं होतं.

इंद्रायणी

*

पुणे
१ ऑक्टोबर २००८

इंदे,

तुझं दुसरं वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं न्हाई. सोमवारी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो अन् सगळं सांगितलं. स्क्रिप्ट माझी न्हाई, माझ्या चुलतबहिणीची. वय सोळा, शाळा नववीपर्यंत, गाव धावडा, मुक्काम बदनापूर. कंपनीबाहेरच्या जागेवरून रोज ताजी फाईल आणत होतो हे ऐकून मॅडमनी पंधरा मिनिटं माझी खरडपट्टी काढली. ती खरीच होती. जागा आता कंपनीच्या आत घेतलीय.

मंग तुझ्या नंबरांचं सांगितलं. त्या म्हणल्या, "हे तिला कुणी शिकवलं?" मी म्हणलो, तिफणीनं. त्यांना तिफण माहीत न्हाई.

कालपासून पाचही प्रोजेक्ट चार नंबरावर हायेत. एकाला सहा लावून पाह्यला, हिरवा.

आता घाबरू नको. मॅडमला तुझ्याशी बोलायचंय. सेंटरचा नंबर दिलाय. आठ तारखेला, बुधवारी, दुपारी साडेतीनला फोन करतील. लाईट असते ना तेव्हा? फोन तूच उचल. मी शेजारी बसलेलो असेन, पण मधे बोलणार न्हाई. माझ्या नोकरीचं काय ते मॅडम नंतर ठरवतील. तू त्याची फिकीर करू नको.

त्रिंबक

*

बदनापूर
शनिवार, ११ ऑक्टोबर २००८

दादा,

तू शेजारीच होता तरी माझ्याकडून ऐक. तुला माझा आवाज आला, पण मी कुठून बोलून राह्यले ते दिसलं नसंल.

आठ तारखेला खंडेनवमी. पुंजारामनं सकाळी सगळ्या मशीनींना झेंडूच्या माळा घातल्या, हळद-कुंकू लावलं. जुन्या मशीनला कुंकू जास्त झालं. दोन वाजता आबा आला. मला न्यायला. दारातल्या स्टुलावर टोपी मांडीवर घेऊन बसला अन् म्हणला, "बोचकं बांधलं का?" मी मान डोलावली. सर म्हणले, "बघा कडूबा, वडलांशी बी बोलत न्हाई." आबा म्हणला, "घरी बोलती. शेळ्यांशी तं लई बोलती."

साडेतीनला फोन वाजला. सगळे माझ्याकडं बघून राह्यले. मी फोन उचलला, कानाला लावला. वायर लांब होती. मी फोन घेऊन टेबलाखाली गेले. तिथं अंधार होता अन् फक्त पुंजारामच्या चपला दिसून राह्यल्या होत्या. चपलांसमोर बोलायला लाज वाटत न्हाई.

मॅडमनी विचारलं, नंबर कुणी पुसला तं? मी म्हणलं, पुसताच येऊ न्हाई असं करा, खाच बुजवणाऱ्याचा खुंटीचा डबाच काढून घ्या. त्या हसल्या. मंग तिफण म्हणजे काय विचारलं. मी सगळं सांगितलं. चाडं, नळ्या, दांडी, रामकिसनकाका. किती वेळ झाला कळलं न्हाई. बाहेर आले तं घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. सर उभेच होते. मॅडम सरांशी बी बोलल्या. सरांनी तीनदा "हो मॅडम" म्हणलं, अन् तिसऱ्यांदा म्हणताना शर्टाचं वरचं बटण लावलं.

फोन ठेवून सर आबाला म्हणले, "चाळीस मिनिटं बोलली."

आबा म्हणला, "टेबलाखालून."

सर म्हणले, "टेबलाखालून का होईना. मी हिला कायम ठेवतो. पुण्याची दोन प्रोजेक्टं बी इथं तपासायला देऊ म्हणाल्या."

पुंजाराम म्हणला, "मंग टेबल जरा उंच घ्या सर. मुकीला चहा द्यायला वाकावं लागतं."

आबा टोपी घालून उठला. मला म्हणला, "एवढा वेळ काय सांगितलं?" मी म्हणलं, तिफणीचं. त्यानं विचारलं, "पुण्याला तिफण न्हाई का?" मी म्हणलं न्हाई. म्हणला, "मंग कसं चालतं त्यांचं?" अन् बोचकं उचललं. मंग म्हणला, "दसऱ्याला घरी चल. आई वाट बघून राह्यली. शुक्रवारी मीच परत आणून सोडतो. शेळ्यांना मी बघतो, तशा त्या तुझ्यामुळं लई बडबड्या झाल्यात."

काल सोडून गेला. जाताना जुन्या मशीनच्या पाया पडला अन् हिरवा दिवा कसा लागतो ते विचारलं. पुंजारामनं त्याला बटण दाबू दिलं. तीनदा दाबलं.

तुझ्या नोकरीचं मॅडमनी काय ठरवलं ते मला फोनमधेच सांगितलं. तुला सांगितलं का ते माहीत न्हाई, म्हणून मी सांगत न्हाई. पण जेवण गोड लागू दे.

आत्ताच पोरं ओरडत आली. दुर्गाआत्या आज सायकल शिकली. पन्नाशी उलटलेली बाई, स्टेशनापर्यंत गेली. उतरता येत न्हाई म्हणून परत फिरली, अन् आता सेंटरवरून तिसऱ्यांदा पुढं गेलीय. जल्दी जाते.

इंद्रायणी